पुसलेली जवारी

गायिका सुमेधाताई हर्डीकरांनी तंबोऱ्यांचा जोड परत पाठवला, तेव्हा हैदर जमादारांनी पेटी उघडलीसुद्धा नाही. सोबत आलेली चिठ्ठी तेवढी वाचली. बांधणी सुरेख आहे, भोपळे उत्तम आहेत, पण तंबोरे बोलत नाहीत, असं ताईंनी पुण्याहून लिहिलं होतं. सदतीस वर्षांच्या ओळखीत असं कधी झालं नव्हतं, म्हणून तब्येतीची चौकशीही केली होती. महिन्याभरात परत आलेला हा तिसरा जोड होता. हैदरसाहेबांनी चिठ्ठीची घडी घातली आणि मुलीला म्हणाले, "नफू, माझे कान गेले."

नफीसालाही तेच वाटत होतं.

हे २०३९ सालच्या फेब्रुवारीत घडलं, मिरजेत. हैदरसाहेबांचं वय तेव्हा बहात्तर होतं. तंबोरे बांधणारे गावात आणखीही होते, पण जवारी लावावी तर हैदरसाहेबांनी, असं गवई म्हणत. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा वरवर सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच घासत थरथरते आणि एका स्वरातून आणखी बारीक बारीक स्वर उमलत जातात. तो झणत्कार म्हणजे जवारी. उतार केसभर जास्त झाला तर तार खरखरते, केसभर कमी पडला तर मुकी होते. आणि तो केस मोजायला कानस आणि कान यांखेरीज दुसरं साधन नाही.

हैदरसाहेबांच्या वडिलांनी, करीमसाहेबांनी बांधलेला एक जोड घरात होता. सांबरशिंगाच्या घोडीचा. १९९७ साली एका ध्वनिमुद्रकानं त्या जोडाचं अर्ध्या तासाचं मुद्रण करून दिलं होतं. नव्या तंबोऱ्याची जवारी लावताना हैदरसाहेब ते मुद्रण लावून ठेवत आणि आपलं काम त्याच्याशी ताडून बघत. जोड घरातच असताना मुद्रण कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणत, घोडी वाजून वाजून झिजते, मुद्रण झिजत नाही.

मुद्रणाची तबकडी पुढे बुरशीनं खाल्ली. पण त्याआधीच नफीसानं त्याची फाइल करून ठेवली होती. ते तिचं कामच होतं. ती 'घरसूर' नावाच्या कंपनीसाठी सांगली-मिरजेतल्या घरांमध्ये जोडणी करून द्यायची. एव्हाना घरात बोलणारी आणि ऐकणारी उपकरणं इतकी झाली होती, की ती एकमेकांशी जुळवून देणं हा वेगळा धंदाच झाला होता. स्वयंपाकघरातला स्पीकर एका कंपनीचा, टीव्ही दुसऱ्याचा, आजोबांचं श्रवणयंत्र तिसऱ्याचं. एकाला कळणारी फाइल दुसऱ्याला कळत नाही. नफीसानं अशी दोनशे अकरा घरं जुळवून दिली होती.

मागच्या सप्टेंबरात तिनं स्वतःच्या घरीही घरसूर बसवलं. पहिल्याच दिवशी करीमसाहेबांच्या जोडाची फाइल अडली. स्वयंपाकघरातला स्पीकर गप्प राहिला. बाहेरच्या खोलीतला दर चार सेकंदांनी अडखळला. कामाच्या खोलीतला मात्र नीट वाजला, आणि तो ऐकून हैदरसाहेब म्हणाले, "सा चढलाय. जवळजवळ दीड पट्टी."

नफीसाला ते पटलं नाही. मग तिनं तपासलं. जुनं मुद्रण सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर तुकड्यांचं होतं आणि स्पीकर ते अठ्ठेचाळीस हजारांचं समजून भराभर वाजवत होता. स्वर तेवढाच चढला होता. अब्बांचा कान बिनचूक होता. तिनं तीन स्पीकर तीन तऱ्हांनी जुळवून पाहिले, एक नीट झाला की दुसरा बिघडायचा. शेवटी कंटाळून तिनं घरसूरची 'आपोआप जुळवणी' सुरू केली. पाच मिनिटांत फाइल सगळीकडे वाजू लागली, अडखळणं नाही, चढणं नाही. नफीसाला तर ती आधीपेक्षा स्वच्छ वाटली. हैदरसाहेब बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, वेगळं लागतंय खरं, पण स्वर बरोबर आहे. यंत्राचं बरोबर असेल.

त्यानंतर त्यांनी लावलेली एकही जवारी कोणाला पसंत पडली नाही.

डिसेंबरात नफीसा त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासणीत दिसलं की वरच्या पट्टीतले बारीक आवाज त्यांना आता कमी ऐकू येतात. या वयात बहुतेकांचं असंच होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. परतताना रिक्षात हैदरसाहेब एवढंच म्हणाले की आपण तंबोरा बांधू शकतो, तो बोलका करू शकत नाही, मग आपण सुतारच झालो.

सुमेधाताईंची पेटी आल्यावर दोन दिवसांनी, सकाळी चहा घेताना, त्यांनी नफीसाला आपला बेत सांगितला. धंदा बंद करायचा. पण त्याआधी करीमसाहेबांचा जोड नीट करून ठेवायचा. त्यांनी आदल्या दिवशी तो जुळवून मुद्रणाशी ताडून पाहिला होता, आणि तोही जुळत नव्हता. मुद्रणात जोड निर्मळ वाजत होता, हातात घेतला की झणझणत होता. घोडी झिजली असणार. वडिलांची आठवण निदान मुद्रणासारखी करून जाऊ, असं ते म्हणाले. नफीसाला कामावर जायची घाई होती. ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा, अब्बा." आणि स्कूटर काढून सांगलीला गेली.

सांगलीत इंदुमती चौगुले नावाच्या बाईंची तक्रार होती. बाई सत्तरीच्या, घरात एकट्या. फाइल वाजते, स्पीकर चालतो, तरी काहीतरी हरवलंय, असं त्या तीनदा फोनवर म्हणाल्या होत्या आणि कंपनीनं तीनदा 'दोष आढळला नाही' असा शेरा मारला होता. त्यांनी नफीसाला बसवलं आणि त्यांच्या आईचं गाणं लावलं. तीस वर्षांपूर्वी मोबाइलवर टिपलेलं. आवाज इतका स्पष्ट होता की गाणारी बाई खोलीतच असावी.

"चांगलं वाजतंय की, मावशी," नफीसा म्हणाली.

"आई शिलाई मशीन चालवताना गायची," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पायाच्या ठेक्यावर गाणं चालायचं. मशीन कुठं गेलं?"

नफीसानं पुन्हा ऐकलं. गाणं मधूनच थबकत होतं, मधूनच पळत होतं, आणि ते का, हे कळायला मागे काहीच नव्हतं.

घरसूर आवाज कसा पाठवतं, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं, पण त्यावर ती कधी थांबून विचार करत बसली नव्हती. पूर्वी आवाज पाठवायचा म्हणजे कापडाची घडी घालून पाठवण्यासारखं होतं. घडीत थोडं चुरगळे, पण कापड तेच. घरसूर कापड पाठवतच नाही. ते चिठ्ठी पाठवतं: बाईचा आवाज, वय अमुक, सूर अमुक, शब्द अमुक. पलीकडच्या स्पीकरमध्ये जणू एक माग बसवलेला असतो. लाखो तास आवाज ऐकवून त्याला विणायला शिकवलेलं असतं. चिठ्ठी वाचून तो नवं कापड विणून देतो. चिठ्ठी इवलीशी असते, म्हणून कोणत्याही उपकरणाला चालते. सगळ्या जुळवणीचं गुपित तेच. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला जे कामाचं वाटत नाही ते चिठ्ठीत येत नाही. खरखर, घरघर, खडखड हा त्याच्या लेखी कचरा होता.

तिनं बाईंच्या घरातली नोंदवही पडद्यावर उघडली. ही नोंदवही जोडणी करणाऱ्यांनाच दिसे, आणि ती सहसा कोणी उघडत नसे. आईच्या गाण्यासमोर लिहिलं होतं: 'यांत्रिक आवाज, काढला.' आणि त्याखाली: 'मूळ फाइल जागा वाचवण्यासाठी बदलली.'

नफीसानं त्याच पडद्यावर आपल्या घराची नोंदवही मागवली.

'तंबोरा, १९९७. सतत खरखर, काढली. मूळ फाइल जागा वाचवण्यासाठी बदलली.'

म्हणजे मुद्रण गेलं होतं. पाच महिने अब्बा ज्याच्याशी ताडून बघत होते, तो तंबोरा नव्हताच. तंबोरा कसा असावा, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं रचलेला आवाज होता. आणि खरी जवारी जगात आता एकाच ठिकाणी उरली होती, करीमसाहेबांच्या त्या दोन घोड्यांवर. अब्बा आत्ता त्याच घासायला बसले होते.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. काम करताना अब्बा फोन स्वयंपाकघरात ठेवत. तिनं कामाच्या खोलीतल्या स्पीकरवरून हाक मारायचा प्रयत्न केला. पडद्यावर उत्तर आलं की स्पीकर एकाग्र आहे, निरोप नंतर दिला जाईल. जवारी लावताना दारावरच्या घंटेनं व्यत्यय नको म्हणून तिनंच ती सोय करून दिली होती. शेजारच्या मुश्ताकभाईंना फोन केला, तर ते कोल्हापुरात होते.

मग तिला सुचलं. घराचा वीजपुरवठा तिच्या फोनवरून बंद करता येत होता. तिनं कामाच्या खोलीची वीज तोडली. मुद्रण थांबलं तर अब्बा ताडून बघणार कशाशी?

इंदुमतीबाईंना ती 'परत येते' एवढंच म्हणाली. सांगलीहून मिरज दहा किलोमीटर. वाटेत एका वळणावर उसाची बैलगाडी आडवी झाली होती. नफीसा स्कूटर रस्त्याकडेच्या मातीतून घेऊन पुढे गेली. अब्बांनी आठवणीवरच काम चालू ठेवलं तर? एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता.

खोलीत शिरली तेव्हा हैदरसाहेब खिडकीच्या उजेडात बसले होते. एक तंबोरा भिंतीला टेकवलेला, त्याच्या घोडीखाली पांढरी भुकटी. दुसरा मांडीवर आडवा. कानस हातात.

"लाइट गेली," ते म्हणाले. "म्हणून थांबलो."

दुसऱ्या घोडीवर भुकटी नव्हती. नफीसानं त्यांच्या हातातून कानस काढून घेतली आणि खाली बसली. मग तिनं सगळं सांगितलं, चिठ्ठी आणि माग आणि नोंदवही. आपोआप जुळवणी आपणच सुरू केली, हेही सांगितलं.

हैदरसाहेबांनी दोन्ही तंबोरे जवळ ओढले आणि आधी घासलेला छेडला, मग न घासलेला.

"तुला कुठला बरा वाटतो?"

नफीसाला खोटं बोलता आलं असतं. उत्तर काय असायला हवं ते तिला ठाऊक होतं. पण अब्बा इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काही विचारत होते.

"घासलेला," ती म्हणाली. "दुसरा मला फुटल्यासारखा वाटतो."

हैदरसाहेबांनी मान खाली घातली. नफीसाला वाटलं ते रागावतील. त्यांचे खांदे हलत होते. ते रडत होते की त्यांना सुटल्यासारखं झालं होतं, हे तिला कळेना. बहुधा त्यांनाही कळत नव्हतं. त्यांचे कान शाबूत होते, आणि शाबूत कानांनी त्यांनी बापाची घोडी खराब केली होती. आणि पोटच्या मुलीला खरा आवाज खोटा वाटत होता.

शिंग पुन्हा वाढत नाही. करीमसाहेबांनी आणि मग हैदरसाहेबांनी वर्षानुवर्षं थोडी थोडी घासलेली ती घोडी आता पातळ झाली होती. हैदरसाहेबांनी ती नखानं चाचपली आणि सांगितलं की हिच्यात आणखी एका जवारीपुरतं शिंग आहे. चुकलं तर घोडी फेकावी लागेल. वडिलांचा हात असलेला तेवढाच एक जोड होता.

आणि वरचे बारीक आवाज त्यांना कमी ऐकू येत होते, हेही खरंच होतं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. इतकी वर्षं ती उणीव त्यांच्या सवयीनं भरून काढली होती, पण आता सवयीवरचा त्यांचा भरवसा उडाला होता.

"तू बस," ते म्हणाले. "तुझे कान तरुण आहेत."

"मला चांगलं कुठलं तेच कळत नाही, अब्बा."

"चांगलं-वाईट मी बघतो. तू फक्त सारखं की वेगळं एवढं सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही तंबोरे एका सुरात मिळवले. घरातली सगळी उपकरणं नफीसानं बंद केली, फ्रिजसुद्धा. हैदरसाहेब कानस दोनदा ओढायचे, तारेखाली जवारी खुलवणारा सुताचा दोरा सरकवायचे आणि मानेनं खूण करायचे. नफीसा आधी न घासलेला छेडायची, मग घासलेला.

"वेगळं," ती म्हणायची. पुन्हा कानस. "वेगळं." पुन्हा.

दहा वाजता घोडीचा एक कोपरा इतका पातळ दिसू लागला की हैदरसाहेबांचा हात थांबला. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले नाहीत. नफीसानं पुन्हा न घासलेला तंबोरा छेडला आणि या वेळी कशाचीही वाट न पाहता नुसती ऐकत राहिली. खर्जाची तार विरत असताना तिच्यातून काहीतरी वरून खाली सरकत गेलं, उन्हात पाणी हललं की भिंतीवर कवडसा सरकतो तसं. तिनं पुन्हा छेडली. ते पुन्हा सरकलं. मग तिनं घासलेला छेडला. तिथे ते अर्ध्यावर थांबत होतं.

तिनं हे अब्बांना सांगितलं. अर्ध्यावर म्हणजे नेमकं कुठे, असं त्यांनी विचारलं. तिनं गुणगुणून दाखवलं. हैदरसाहेबांनी त्या तारेखालच्या जागेवर कानस एकदाच ओढली, श्वास रोखून.

नफीसानं दोन्ही छेडले. मग उलट क्रमानं छेडले.

"सारखं."

हैदरसाहेबांनी तंबोरा उचलला, कपाळ दांडीला टेकवलं आणि डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले की आपल्याला ऐकू येतं तेवढं तरी सारखं आहे, उरलेलं नफूच्या भरवशावर.

सुमेधाताईंचे तंबोरे त्यांनी पुढच्या पंधरवड्यात तसेच दोघांनी मिळून लावले. ते परत आले नाहीत.

नफीसानं कंपनीला सविस्तर कळवलं. खऱ्या तंबोऱ्याचा आणि घरसूरच्या तंबोऱ्याचा आलेख शेजारी शेजारी ठेवून पाठवला. नऊ दिवसांनी उत्तर आलं. कंपनीनं दोन्ही आवाज एक लाख श्रोत्यांना ऐकवून पाहिले होते. त्र्याण्णव टक्के श्रोत्यांनी स्वच्छ आवाज पसंत केला होता. सबब हा दोष मानता येत नाही. मात्र ग्राहकानं मागितल्यास मूळ फाइल न पुसण्याची सोय यापुढे देता येईल.

तिनं ते अब्बांना वाचून दाखवलं. ते भोपळ्याला पॉलिश करत होते.

"म्हणजे शंभरात सात आहेत," ते म्हणाले. "एवढी गिऱ्हाइकं मला जन्मात मिळाली नाहीत."

नफीसा हसली, पण तिला त्या दोनशे अकरा घरांची आठवण झोप लागू देत नव्हती. तिनं यादी काढली आणि सुट्टीच्या दिवशी एकेका घरी जाऊ लागली. पहिल्यांदा इंदुमतीबाईंकडे. मशीन परत येणार नाही, मूळ फाइल पुसली गेली आहे आणि ती जोडणी मीच केली होती, असं तिनं सरळ सांगितलं. बाईंनी दार हळूच लावून घेतलं. नफीसा जिन्यात थोडा वेळ उभी राहिली, मग खाली उतरली.

पुढच्या घरांमध्ये तिनं आपोआप जुळवणी बंद करून दाखवली. बहुतेकांनी दोन मिनिटं ऐकून ती पुन्हा सुरू करायला सांगितली. घर त्यांचं होतं. तिनं सुरू करून दिली, फक्त मूळ फाइल पुसायची नाही एवढी खूण करून.

एकोणिसावं घर मारुती गुरवांचं होतं, मिरजेतच, किल्ला भागात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ वर्षभर तक्रार करत होते, आणि नफीसाला त्यांच्याकडे जायची लाज वाटत होती. त्यांच्या थोरल्या भावाची, यशवंतरावांची सनई त्यांनी पूर्वी कुठल्याशा जुन्या यंत्रावर टिपली होती. त्या फाइली घरसूरला वाचताच येत नव्हत्या. आपोआप जुळवणीनं प्रत्येक वेळी हात टेकले होते. नफीसाच्या कामातलं ते एकमेव अपयश होतं.

नोंदवही उघडली आणि तिचे डोळे तिथेच खिळले. 'फाइल अनोळखी. बदल केला नाही.' सत्तावीसच्या सत्तावीस फाइली जशाच्या तशा होत्या. वाजत नव्हत्या म्हणूनच वाचल्या होत्या.

त्या यंत्राची भाषा समजणारा जुना प्रोग्रॅम शोधायला तिला दीड तास लागला. घरसूरला तिनं मध्ये घेतलंच नाही. माळ्यावरून मारुतरावांचा जुना स्पीकर काढला, वायर सोलून जोडली. यशवंतराव कॉटवर बसून हे सगळं बघत होते. दम्यामुळे त्यांनी सनई सोडून अकरा वर्षं झाली होती. ते फारसं बोलत नसत.

सनई सुरू झाली. मागे चिमण्या होत्या, कोणीतरी बादली आपटत होतं, सनईच्या तोंडाशी असलेल्या जिभळीत थुंकीची बारीक फुरफुर होती. मारुतराव ओशाळून म्हणाले, "आवाज खराब आलाय का?"

"नाही," नफीसा म्हणाली. "असाच होता."

सुरांच्या मध्ये, पुढची ओळ उचलण्याआधी, मुद्रणात प्रत्येक वेळी एक खोल श्वास ऐकू येत होता. यशवंतरावांची बोटं गुडघ्यावर हलू लागली. तिसऱ्या ओळीआधी तो श्वास आला, तेव्हा त्यांनीही त्याच्याबरोबर श्वास घेतला, छाती भरून, आणि तो ओळीच्या शेवटपर्यंत पुरला.